मोटारगाडीच्या टायरचे माप वाढविणे

मोटारगाडीच्या टायरचे माप वाढविणे म्हणजे प्रवासी मोटारगाडीला तिच्या उत्पादकाने ठरवून दिलेल्या मापापेक्षा अधिक रुंद, अधिक उंच अथवा मोठ्या रिमवर बसणारे टायर लावणे होय. वाहनधारकांच्या व टायर-विक्रेत्यांच्या बोलीत यास 'टायर अपसाइझ करणे' असे म्हणतात. गाडीचे रूप भारदस्त दिसावे, वळणावर पकड वाढावी, खड्डे व गतिरोधक यांवरून जाताना गाडीचा तळ घासू नये, अशा हेतूंनी हा बदल केला जातो.

टायर हा गाडीचा सुटा, सहज बदलता येणारा भाग असला तरी वेगमापक, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग आणि निलंबन यांची सर्व गणिते त्याच्या मापावर आधारलेली असतात. त्यामुळे टायरचे माप बदलले की या सर्वांच्या कार्यात कमी-अधिक फरक पडतो. बाह्य व्यास जवळपास तोच ठेवून केलेला बदल बहुधा निभावून जातो. बाह्य व्यास वाढविणारा बदल मात्र गाडीच्या सुरक्षिततेवर आणि कायदेशीर स्थितीवर परिणाम करू शकतो.

## टायरवरील मापाचा अर्थ

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, त्याचे माप ठळक अक्षरांत उमटवलेले असते. उदाहरणार्थ, '१८५/६५ आर १५ ८८ एच' या मापाचा अर्थ पुढीलप्रमाणे लावला जातो.

* १८५ : हवा भरलेल्या टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
* ६५ : साइडवॉलची उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे, ते प्रमाण. येथे १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी.
* आर : टायरची रचना रेडियल असल्याची खूण. हे अक्षर त्रिज्या दाखवते असा समज आढळतो, तो चुकीचा आहे.
* १५ : टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास, इंचांमध्ये.
* ८८ : भार-निर्देशांक. ८८ म्हणजे एका टायरची कमाल भारक्षमता ५६० किलोग्रॅम.
* एच : वेग-चिन्ह. एस म्हणजे ताशी १८० किमी, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किमी.

एकाच मापात मिलिमीटर, टक्के व इंच अशी तीन परिमाणे एकत्र आल्याने मापांची तुलना करताना गफलत होते. रुंदीचा आकडा वाढवून प्रमाणाचा आकडा तोच ठेवल्यास टायर केवळ रुंद होत नाही, तर उंचही होतो; कारण साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्केवारीतच मोजलेली असते.

## इतिहास

रेडियल टायर येण्यापूर्वी मोटारींना क्रॉस-प्लाय रचनेचे टायर असत. त्यांचे माप इंचांत लिहिले जाई व त्यात उंचीचे प्रमाण वेगळे दिलेले नसे. भारतात ॲम्बॅसॅडर गाडीला ५.९०-१५ आणि मुंबईत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला ५.२०-१४ या मापाचे टायर येत. यांतील पहिला आकडा रुंदीचा व दुसरा रिमच्या व्यासाचा होय.

फ्रान्समधील मिशलाँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले व १९४९ मध्ये असा टायर बाजारात आणला. या रचनेत साइडवॉल लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा पट्टा पोलादी तारांच्या थरांमुळे ताठ राहतो. दोन्ही भागांची कामे अशी वेगळी झाल्यामुळे कमी उंचीची साइडवॉल असलेले रुंद टायर बनविणे शक्य झाले. पुढे मोठी रिम व बुटका टायर ही जोडी आधी वेगवान क्रीडा-मोटारींमध्ये आणि नंतर सामान्य प्रवासी गाड्यांमध्येही रूढ झाली. मारुती ८०० या गाडीला १४५/७० आर १२ मापाचे टायर येत. त्यानंतरच्या काळात लहान गाड्यांनाही कारखान्यातूनच १५ किंवा १६ इंची रिम मिळू लागल्या.

## बाह्य व्यास काढण्याची रीत

टायरचा बाह्य व्यास पुढील सूत्राने काढता येतो.

बाह्य व्यास (मिमी) = रिमचा व्यास (इंच) × २५.४ + २ × रुंदी × प्रमाण ÷ १००

१८५/६५ आर १५ या मापासाठी रिमचा व्यास १५ × २५.४ = ३८१ मिमी होतो. वर व खाली मिळून साइडवॉलची उंची २ × १२०.२५ = २४०.५ मिमी होते. म्हणून बाह्य व्यास ६२१.५ मिमी येतो.

गाडीच्या भाराने टायर खालच्या बाजूस किंचित दबतो. त्यामुळे एका फेऱ्यात तो भौमितिक परिघाइतके अंतर कापत नाही. युरोपीय टायर-मानकांत रेडियल टायरसाठी व्यासाला ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणून हे अंतर काढले जाते. त्या हिशेबाने वरील टायर एका फेऱ्यात सुमारे १.९० मीटर पुढे जातो आणि एका किलोमीटरमध्ये सुमारे ५२८ फेरे घेतो. २०५/६५ आर १५ मापाचा टायर तेच अंतर सुमारे ५०६ फेऱ्यांत कापतो. पुढे दिलेले बहुतेक परिणाम या २२ फेऱ्यांच्या फरकातून निर्माण होतात.

## बदलाचे प्रकार

टायरचे माप तीन प्रकारे वाढविले जाते.

रुंदी वाढवून व्यास राखणे. रिमचा व्यास तोच ठेवून रुंदीचा आकडा वाढविला जातो आणि प्रमाणाचा आकडा उतरवला जातो. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/६० आर १५.

रिम मोठी करून व्यास राखणे. रिम एक किंवा दोन इंचांनी मोठी घेतली जाते व साइडवॉल तेवढीच बुटकी केली जाते. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/५५ आर १६.

बाह्य व्यास वाढविणे. रिम तीच ठेवून साइडवॉल उंच असलेला टायर बसविला जातो. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचे जमिनीपासूनचे अंतर, वाढविण्यासाठी मुख्यतः हाच मार्ग अवलंबिला जातो. गाडीच्या यंत्रणेवर सर्वाधिक परिणाम करणारा प्रकारही हाच आहे.

## मापांची तुलना

पुढील तक्त्यात १८५/६५ आर १५ हे मूळ माप धरून इतर मापांशी तुलना केली आहे. शेवटच्या स्तंभात, मूळ टायरवर अचूक असलेला वेगमापक ताशी १०० किमी दाखवत असताना गाडीचा खरा वेग किती असेल, ते दिले आहे.

| टायरचे माप | साइडवॉल (मिमी) | बाह्य व्यास (मिमी) | व्यासातील फरक | १०० दाखवताना खरा वेग |
|---|---|---|---|---|
| १६५/८० आर १४ | १३२.० | ६१९.६ | −०.३% | ९९.७ |
| १८५/६५ आर १५ | १२०.३ | ६२१.५ | मूळ | १००.० |
| १९५/६० आर १५ | ११७.० | ६१५.० | −१.०% | ९९.० |
| १९५/६५ आर १५ | १२६.८ | ६३४.५ | +२.१% | १०२.१ |
| २०५/६५ आर १५ | १३३.३ | ६४७.५ | +४.२% | १०४.२ |
| १९५/५५ आर १६ | १०७.३ | ६२०.९ | −०.१% | ९९.९ |
| २०५/४५ आर १७ | ९२.३ | ६१६.३ | −०.८% | ९९.२ |

तक्त्यातील पहिली दोन मापे मारुती सुझुकी स्विफ्टच्या २०१८ मधील पिढीत अनुक्रमे खालच्या व वरच्या श्रेणींना कारखान्यातूनच दिलेली आहेत. रिम एक इंचाने वेगळी असूनही दोन्ही टायरच्या व्यासात २ मिमीहून कमी फरक आहे. एकाच गाडीच्या निरनिराळ्या श्रेणींना वेगळे टायर देताना उत्पादक बाह्य व्यास कसा सांभाळतात, याचे हे उदाहरण होय. व्यासातील फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा व्यावहारिक संकेत टायर-व्यवसायात प्रचलित आहे.

## परिणाम

### वेगमापक व अंतरमापक

वेगमापक गाडीचा वेग थेट मोजत नाही. चाकाचे किंवा गिअरबॉक्समधील दांड्याचे फेरे मोजून, कारखान्यात ठरवलेल्या परिघाच्या आधारे तो वेग दाखवतो. टायर मोठा झाल्याचे त्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वेग अधिक असूनही काटा कमी वेग दाखवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमन क्रमांक ३९ नुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी या मर्यादेपर्यंत जास्त दाखविण्यास मुभा आहे. म्हणून उत्पादक वेगमापक मुद्दाम किंचित जास्त वेग दाखवील असा ठेवतात. एखादा वेगमापक १०० दाखवत असताना खरा वेग ९७ असेल, तर २०५/६५ आर १५ टायर बसविल्यावर तो १०१ होतो. सुरक्षिततेसाठी राखलेली फट अशा रीतीने संपते.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.२ टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा सुमारे ८.५ टक्क्यांनी वाढते, आणि गाडी थांबविताना ती सर्व ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावी लागते. चालकाला मात्र आपण नेहमीच्याच वेगाने जात आहोत असे वाटत असते.

अंतरमापकही याच प्रमाणात कमी अंतर नोंदवतो. नोंद १०,००० किमीची झाली असता गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,४२० किमी धावलेली असते. इंधनाच्या हिशेबातही त्यामुळे घोटाळा होतो. २० लिटर इंधनात नोंदलेले अंतर ३६० किमी असेल, तर मायलेज १८ किमी प्रतिलिटर वाटते. खरे अंतर ३७५ किमी असल्याने खरे मायलेज १८.७५ असते. टायर बदलल्यानंतर मायलेज घटल्याची जी तक्रार केली जाते, तिचा काही भाग अशा रीतीने केवळ मोजणीतील फरकाचा असतो. उरलेला भाग खरा असतो. रुंद व जड टायरला लोळण्यासाठी व वेग घेण्यासाठी अधिक ऊर्जा लागू शकते.

### ओढ व गिअर

इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याची शक्ती, गिअरमधून आसामार्फत चाकाला मिळते. रस्त्यावर लागणारे बल म्हणजे आसावरील टॉर्क भागिले टायरची त्रिज्या. त्रिज्या ४ टक्क्यांनी वाढली की तेच इंजिन, त्याच गिअरमध्ये, ४ टक्क्यांनी कमी ओढ देते. प्रत्येक गिअर किंचित 'उंच' झाल्यासारखा हा परिणाम असतो. सपाट महामार्गावर इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात. ज्या वेगाला मिनिटाला २,५०० फेरे लागत, तेथे सुमारे २,४०० पुरतात. घाटाच्या चढावर, भरलेल्या गाडीत किंवा गर्दीत थांबत-थांबत जाताना मात्र गिअर वारंवार उतरवावा लागतो व क्लचवर ताण येतो. उतारावर इंजिनाच्या रोधाने मिळणारी आवरणशक्तीही त्याच प्रमाणात घटते.

चाकाच्या वजनाचा परिणाम याहून वेगळा आहे. चाकाच्या अगदी बाहेरील कडेवर वाढलेल्या १ किलोग्रॅम वजनाला सरळ रेषेत पुढे जाण्याबरोबर फिरावेही लागते. त्यामुळे वेग घेताना किंवा थांबताना ते गाडीच्या सांगाड्यावर ठेवलेल्या जवळपास २ किलोग्रॅम वजनाइतके जाणवते.

### ब्रेक

ब्रेकचे पॅड डिस्कवर जे बल लावतात, ते टायरच्या त्रिज्येने विभागले जाऊन रस्त्यावर पोहोचते. टायर मोठा झाला की तेवढेच थांबण्यासाठी पेडल अधिक जोराने दाबावे लागते. कोरड्या रस्त्यावर अखेरचे थांबण्याचे अंतर मुख्यतः टायरच्या पकडीवर ठरते. लांब घाट उतरताना मात्र ब्रेक अधिक तापण्याचा संभव वाढतो.

एबीएस यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची एकमेकांशी तुलना करते. चारही टायर सारख्या प्रमाणात किंचित मोठे असल्यास तिला सहसा अडचण येत नाही. पुढचे व मागचे, किंवा डावे व उजवे टायर वेगळ्या व्यासाचे असल्यास ती चुकीचा अर्थ लावू शकते. ज्या गाड्यांमध्ये टायरमधील हवा कमी झाल्याचे चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखले जाते, तेथे टायर बदलल्यावर ती यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते.

### ग्राउंड क्लिअरन्स

व्यासात झालेल्या वाढीपैकी निम्मी वाढच गाडीच्या उंचीला मिळते. उरलेली निम्मी आसाच्या वरच्या बाजूस जाते. २०५/६५ आर १५ टायरमुळे व्यास २६ मिमीने वाढला तरी गाडीचा तळ केवळ १३ मिमीने वर उचलला जातो. १९५/६५ आर १५ मुळे ही वाढ जेमतेम ६.५ मिमी होते. ज्या गाडीचे ग्राउंड क्लिअरन्स मुळात १६० ते १७० मिमी आहे, तिच्या दृष्टीने हा लाभ अल्प असतो. उंच गतिरोधकावर चार प्रवासी व सामान यांच्या भाराने गाडी याहून अधिक खाली बसते. गाडीचा गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो. रुंदी वाढवून व्यास राखल्यास, किंवा मोठी रिम घेऊन व्यास राखल्यास, ग्राउंड क्लिअरन्स मुळीच वाढत नाही.

### पकड व ओला रस्ता

रुंद टायरमुळे रस्त्याशी होणारा संपर्क त्याच प्रमाणात वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ बव्हंशी चाकावरील भार व टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते. दाब तोच राहिल्यास रुंद टायरचा टेकणारा भाग आडवा रुंद व लांबीला आखूड होतो. वळणावर या आकाराचा लाभ मिळतो आणि बुटकी साइडवॉल कमी वाकत असल्याने स्टिअरिंगला गाडी लवकर प्रतिसाद देते. कोरड्या रस्त्यावर पकड सुधारण्यात टायरच्या रबराच्या मिश्रणाचा वाटाही मोठा असतो.

साचलेल्या पाण्यात परिस्थिती उलट असते. टायरला समोरचे पाणी बाजूला सारून रस्त्यापर्यंत पोहोचावे लागते. टायर जितका रुंद, तितके अधिक पाणी त्याच वेळात हटवावे लागते. ते न साधल्यास टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निष्प्रभ होतात. टायर झिजून खाचांची खोली कमी झालेली असेल, तर हा धोका वाढतो. मुसळधार पावसाच्या प्रदेशात रुंदी वाढविण्याचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

### खड्डे व साइडवॉल

साइडवॉल हा हवेच्या उशीचा एक भाग आहे. १८५/६५ आर १५ वरून २०५/४५ आर १७ वर गेल्यास साइडवॉल २८ मिमीने बुटकी होते. खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर चाक आदळले की टायर रिमपर्यंत दबला जातो. त्यामुळे रिम वाकणे, अलॉय चाकाला तडा जाणे किंवा आतील धागे तुटून साइडवॉलला फुगा येणे हे प्रकार घडतात. फुगा आलेला टायर दुरुस्त करता येत नाही. तो धावताना अचानक फुटू शकतो. दुरवस्था झालेल्या रस्त्यांवर उंच साइडवॉल ही उणीव नसून संरक्षण आहे.

### स्टिअरिंग व निलंबन

रुंद टायरमुळे कमी वेगात स्टिअरिंग जड होते. रस्त्यावरील चाकोऱ्या व भेगांच्या दिशेने गाडी ओढली जाण्याची प्रवृत्ती वाढते. चाके बाहेरच्या बाजूस सरकल्यास व्हील-बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे यांवरील ताण वाढून त्यांचे आयुष्य घटते. चाक जड असल्यास शॉक ॲब्सॉर्बरला त्याची उसळी आवरण्यासाठी अधिक श्रम पडतात.

## भारक्षमता व हवेचा दाब

व्यास जुळला म्हणजे टायर योग्य आहे, असे होत नाही. १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास १८५/६५ आर १५ शी तंतोतंत जुळतो. परंतु त्याचा नेहमीचा भार-निर्देशांक ८७, म्हणजे ५४५ किलोग्रॅम आहे. मूळ टायरच्या ५६० किलोग्रॅमपेक्षा तो कमी भरतो. २०५/४५ आर १७ चा नेहमीचा निर्देशांक ८४, म्हणजे ५०० किलोग्रॅम इतकाच आहे. टायर दिसायला मोठा आणि भार पेलण्यास मात्र दुबळा, अशी ही स्थिती होय. कारण भार प्रत्यक्षात टायरमधील दाबाखालची हवा पेलते, आणि बुटक्या टायरमध्ये तिला जागा कमी असते.

अशा वेळी 'एक्सएल' खूण असलेले प्रबलित टायर उपलब्ध असतात. २०५/४५ आर १७ मापाच्या अशा टायरचा निर्देशांक ८८ असतो. मात्र सामान्य टायरची कमाल भारक्षमता २५० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय दाबाला, तर प्रबलित टायरची २९० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय दाबाला मोजलेली असते. म्हणून निर्देशांक सारखा असला तरी प्रबलित टायरमध्ये जुन्याच दाबाने हवा भरल्यास तो तितका भार पेलू शकत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला दाब मूळ मापांसाठी असतो. मापाबरोबर दाबाचा हिशेबही बदलतो.

नव्या टायरचा भार-निर्देशांक व वेग-चिन्ह मूळ टायरपेक्षा कमी नसावे, हा सर्वमान्य नियम आहे. हवा कमी किंवा भार जास्त असल्यास साइडवॉल सतत वाकून तापते आणि उन्हाळ्यात लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासात टायर फुटण्याची शक्यता वाढते.

## रिमची योग्यता

प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. १८५/६५ आर १५ साठी ती ५ ते ६.५ इंच, तर २०५/६५ आर १५ साठी ५.५ ते ७.५ इंच आहे. मर्यादेपेक्षा अरुंद रिमवर रुंद टायर बसविल्यास साइडवॉल बाहेर फुगते, टायर मध्यभागी अधिक झिजतो आणि तीव्र वळणावर त्याची कड रिमवरून निसटण्याचा धोका राहतो. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी सुमारे ५ मिमीने बदलते.

नवी रिम घेताना आणखी तीन बाबी जुळाव्या लागतात.

* बोल्टची रचना : बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. उदाहरणार्थ, '४×१००' म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट.
* मध्यछिद्र : रिमचे मधले छिद्र हबवर घट्ट बसले पाहिजे. ते मोठे असल्यास अचूक जाडीची कडी घालावी लागते. अन्यथा वेगात स्टिअरिंग थरथरते.
* ऑफसेट : रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील अंतर. ऑफसेट १० मिमीने कमी झाल्यास संपूर्ण चाक १० मिमीने बाहेर सरकते.

## जागेची तपासणी

ऑफसेट न बदलता टायरची रुंदी १८५ वरून २०५ मिमी केल्यास चाक आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंस प्रत्येकी सुमारे १० मिमीने वाढते. आतील बाजूस शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक व ब्रेकची नळी असते. बाहेरील बाजूस मडगार्डची कड असते. व्यास वाढला असल्यास त्रिज्येत झालेली वाढही त्याच जागेतून वजा होते.

मोकळी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टायर कोठे घासत नाही, एवढ्यावरून जागा पुरेशी आहे असे ठरत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून, तसेच गाडीत पूर्ण भार घेऊन खड्ड्यात चाक वर दबलेल्या अवस्थेत ती पाहावी लागते. वळताना पुढील चाक आतील अस्तराला घासणे, आणि मागे तीन प्रवासी बसल्यावर मागील चाक मडगार्डला लागणे, ही जागा अपुरी असल्याची नेहमीची लक्षणे आहेत. घासून घासून टायरची साइडवॉल किंवा ब्रेकची नळी कापली जाऊ शकते.

## चारही चाके व स्टेपनी

एकाच आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच रचनेचे व जवळपास सारखे झिजलेले असणे आवश्यक असते. डाव्या व उजव्या टायरच्या व्यासात फरक असल्यास डिफरन्शियलमधील दाते सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात व झिजतात. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्यांत पुढील व मागील टायरच्या व्यासातील फरकही यंत्रणेला हानी पोहोचवतो.

चार टायर मोठे करून स्टेपनी मूळ मापाची ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. पंक्चर झाल्यावर ती लावली की एका आसावर दोन वेगळ्या व्यासांची चाके येतात. त्यामुळे अशी स्टेपनी केवळ जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत, कमी वेगाने जाण्यापुरतीच वापरणे योग्य ठरते.

## भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनधारकास वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल अनुज्ञेय नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १८२अ समाविष्ट झाले. त्याच्या पोटकलम (४) नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनधारकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी व नियम ९५ टायरच्या मापाविषयी आहे. प्रवासी मोटारींच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिमी असणे बंधनकारक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींच्या टायरवर आयएस १५६३३ या मानकानुसार आयएसआय चिन्ह असावे लागते.

गाडीच्या प्रतिरूपाला विक्रीपूर्वी मान्यता घ्यावी लागते. अशी मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा समावेश होतो. मान्यतेच्या वेळी ब्रेक, वेगमापक इत्यादींच्या चाचण्या उत्पादकाने नमूद केलेल्या टायरवर होतात. त्याच गाडीच्या दुसऱ्या श्रेणीसाठी उत्पादकाने नमूद केलेले माप निवडल्यास ते या चाचणीच्या कक्षेत राहते. त्याबाहेरचे माप निवडल्यास वॉरंटी नाकारली जाण्याची, तसेच अपघातानंतर विमा कंपनीने बदलाबाबत आक्षेप घेण्याची शक्यता असते. विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती आधी देणे म्हणूनच हितावह ठरते.

## इतर देशांतील नियम

ऑस्ट्रेलियात वाहनांतील बदलांसाठी 'व्हेइकल स्टँडर्ड्स बुलेटिन १४' ही मार्गदर्शक संहिता आहे. तीनुसार सामान्य प्रवासी गाडीच्या टायरचा बाह्य व्यास उत्पादकाने नमूद केलेल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा १५ मिमीहून अधिक वाढविता येत नाही. या निकषावर तपासल्यास तक्त्यातील १९५/६५ आर १५ हे माप (वाढ १३ मिमी) मर्यादेत बसते, तर २०५/६५ आर १५ (वाढ २६ मिमी) मर्यादेबाहेर जाते. जर्मनीत मान्य मापांबाहेरील चाके बसविल्यास अधिकृत तज्ज्ञांकडून गाडीची तपासणी करून घ्यावी लागते.

## बदलापूर्वी तपासावयाच्या बाबी

* चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी व उत्पादकाच्या पुस्तिकेत नमूद केलेली सर्व मापे. त्याच गाडीच्या इतर श्रेणींची मापे.
* नव्या व जुन्या टायरच्या बाह्य व्यासातील फरक.
* भार-निर्देशांक व वेग-चिन्ह मूळ टायरइतके किंवा अधिक असणे.
* रिमची रुंदी, ऑफसेट, बोल्टची रचना व मध्यछिद्र.
* पूर्ण वळविलेल्या व पूर्ण भारित स्थितीत उपलब्ध जागा.
* नव्या मापासाठी हवेचा योग्य दाब. बसविल्यानंतर बॅलन्सिंग व अलाइनमेंट.
* स्टेपनीचे माप.
* वॉरंटी व विमा यांच्या अटी.

## हे सुद्धा पहा

* टायर
* अलॉय चाक
* वेगमापक
* एबीएस
* मोटार वाहन अधिनियम, १९८८